पॅनेलच्या पोटातली नोंद

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेल्या हंगामात दुपारनंतर गाठी कमी पडू लागल्या. मालक म्हणत कापूस ओला येतोय, मिस्त्री म्हणे पंप थकला. प्रेसच्या पॅनेलमधल्या पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, लॅपटॉप जोडला आणि उत्तर तिथेच सापडलं. कापूस दाबणाऱ्या मुख्य दट्ट्याला, म्हणजे रॅमला, पूर्ण दाबापर्यंत जायला किती वेळ लागतो, हे पीएलसी प्रत्येक गाठीला मोजत होता. पुढची गाठ सुरू झाली की तो टायमर शून्यावर यायचा आणि आकडा पुसला जायचा. आम्ही दोन दिवस नुसता तेवढा आकडा टिपला. सकाळी तेल थंड असताना सगळं ठीक, दुपारी तेल तापून पातळ झालं की आठ-नऊ सेकंद जास्त. सिलिंडरचं सील आतून गळत होतं. नवा सेन्सर एकही लावावा लागला नाही.

हा आकडा तिथे आला कसा, आणि इतकी वर्षं कुणी वाचला का नाही?

विदर्भातल्या जिनिंगचा इतिहास पीएलसीपेक्षा शंभर वर्षांनी जुना. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुढच्या दशकांत खामगाव, हिंगणघाट, अकोला इथे वाफेवरच्या जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. एकच इंजिन, एक लांब शाफ्ट आणि त्यावरून पट्ट्यांनी फिरणारे रोलर. यंत्राची तब्येत मिस्त्रीच्या कानात असे. चामड्याचा रोलर झिजला, सुरी सैल झाली, की आवाज बदलायचा. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि कानाच्या जोडीला अँपिअर मीटरचा काटा आला. कापूस जास्त पडला की काटा चढे, मग हात आवरायचा. हे ज्ञान खरं होतं, पण माणूस गाव सोडून गेला की त्याच्याबरोबर जायचं.

पीएलसीचा जन्म मात्र मोटारींच्या कारखान्यात झाला. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात गाडीचं मॉडेल बदललं की रिलेची, म्हणजे विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचची, पॅनेलं नव्यानं वायर करावी लागत. १९६८ मध्ये त्यांनी यावर उपाय मागितला. डिक मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सनं जो कंट्रोलर दिला त्याचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण तो त्यांचा ८४ वा प्रकल्प होता. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे: या यंत्राचं काम रिलेची जागा घेणं होतं, हिशेब ठेवणं नव्हतं. टायमर आणि काउंटर यंत्र चालवण्यापुरते. काम झालं की पुसायचे.

१९७९ मध्ये मॉडिकॉननं मॉडबस, म्हणजे कंट्रोलरशी बोलायची एक ठरलेली भाषा, आणला आणि दोन तारांवरून आतली रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, बाहेरून वाचता येऊ लागली. एक रजिस्टर १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मोजणारं. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. १९९६ मध्ये ओपीसी हे सामाईक मानक आलं, पुढे ओपीसी यूए, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एका पद्धतीनं वाचण्याची सोय झाली. तिकडे जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून यंत्रांची निगा राखण्याच्या पद्धतीच्या, कामातून ओईई हे यंत्राच्या कामगिरीचं माप रुजवलं: यंत्र किती वेळ चाललं, किती गतीनं चाललं, किती माल चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. त्यासाठी लागणारे बरेचसे आकडे कंट्रोलरमध्ये होतेच.

आपल्याकडे हे फार उशिरा आलं. २००० मध्ये केंद्रानं कापसासाठी टेक्नॉलॉजी मिशन सुरू केलं. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला त्यातून अनुदान मिळालं. ऑटो फीडर, कन्व्हेयर, हायड्रॉलिक प्रेस आले आणि त्यांच्याबरोबर पीएलसीही. अनुदान यंत्राला होतं, त्यामुळे यंत्र बसलं. आतली नोंद वाचायला कुणी शिकवलं नाही. कारकून आजही स्क्रीनवरचा गाठींचा आकडा पाळी संपताना वहीत उतरवून घेतो. १७० किलोची एक गाठ म्हणजे साधारण पाच क्विंटल कापूस, एवढा हिशेब त्या वहीतून लागतो. दोन गाठींमध्ये किती मिनिटं गेली, हे त्यातून कळत नाही.

आमच्या भागात याचं मोल जास्त आहे. हंगाम दिवाळीपासून चार-पाच महिन्यांचा. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. सुटा भाग नागपूरहून यायचा, आणि माणूसही तिथूनच. सील आठवडाभर आधी मागवता आलं तर शेतकऱ्याची गाडी रात्रभर उभी राहत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. पॅनेल बांधणारा प्रोग्रामला पासवर्ड घालून जातो, कुठल्या रजिस्टरमध्ये काय आहे ती यादी देत नाही. खरेदीच्या वेळीच ती लिहून मागायला हवी. मॉडबसच्या त्याच तारेवरून वाचताही येतं आणि लिहिताही येतं, म्हणून जोडणी फक्त वाचण्यापुरती ठेवावी. चालत्या प्रेसमध्ये बाहेरून चुकून आकडा बदलला तर माणसाचा हात जाऊ शकतो. आणि पीएलसीला थांबलेलं कळतं, कारण कळत नाही. लाईट गेली, कापूसच आला नाही, की फीडर तुंबला? म्हणून वणीच्या त्या प्रेसजवळ आम्ही तीन बटणं लावली आहेत. प्रेस थांबली की ऑपरेटर त्यातलं एक दाबतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दाबलं गेलं ते ‘लाईट’.