वाहन-वित्तकराराची स्वेच्छा समाप्ती (युनायटेड किंग्डम)

हायर पर्चेस म्हणजे भाडेखरेदीच्या करारावर घेतलेली गाडी, शेवटचा हप्ता देय होण्याआधी केव्हाही, वित्तकंपनीला परत करून करार संपवण्याचा ग्राहकाचा कायदेशीर हक्क. व्यवहारात याला ‘व्हॉलंटरी टर्मिनेशन’ किंवा नुसते ‘व्हीटी’ म्हणतात. हा हक्क १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टमधील कलम ९९ ने दिला असून परत करताना ग्राहकाला किती पैसे द्यावे लागतील हे कलम १०० ठरवते. कंपनीने मंजुरी दिली तरच मिळणारी ही सवलत नव्हे. नोकरी गेली, आजार आला, गाडीची गरज संपली किंवा गाडीची बाजारातील किंमत कोसळली, यांपैकी कोणतेही कारण सांगण्याची गरज नाही. करारातील एखादे कलम या हक्काला आडवे येत असेल, तर कायद्याच्या कलम १७३ नुसार ते तेवढ्यापुरते रद्दबातल ठरते.

हक्काचे मूळ गाडीच्या मालकीत आहे. भाडेखरेदीत सगळे पैसे फिटेपर्यंत गाडी कंपनीच्या मालकीची असते. ग्राहक ती भाड्याने वापरतो आणि शेवटी विकत घेण्याचा पर्याय त्याच्या हाती असतो. १८९५ मध्ये हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या पियानोच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व पक्के केले. वस्तू परत करण्याची मुभा असलेला भाडेकरू हा खरेदीदार नव्हे, असा तो निर्णय होता. पुढे याच मालकीच्या जोरावर व्यापारी एखादा हप्ता चुकताच जवळजवळ फिटलेले सामान उचलून नेऊ लागले. जॅरोच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३८ चा हायर पर्चेस अॅक्ट आला आणि एकतृतीयांश (एवढे भरल्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय सामान उचलता येत नाही) व निम्मे (करार संपवताना ग्राहकाच्या देण्याची मर्यादा) हे दोन आकडे कायद्यात शिरले. क्राउदर समितीच्या १९७१ च्या अहवालानंतर झालेल्या १९७४ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले.

कोणत्या करारांना लागू

भाडेखरेदी, सशर्त विक्री (सगळे पैसे फिटल्यावर मालकी मिळणारी खरेदी) आणि पर्सनल काँट्रॅक्ट पर्चेस (पीसीपी) या तीन प्रकारांना हा हक्क लागू आहे. पीसीपी ही कायद्याच्या दृष्टीने भाडेखरेदीच असते, फक्त तिचा शेवटचा हप्ता खूप मोठा असतो. बँकेचे वैयक्तिक कर्ज काढून घेतलेली गाडी पहिल्या दिवसापासून ग्राहकाचीच असते, त्यामुळे तिथे ‘परत करणे’ हा प्रकारच नाही. पर्सनल काँट्रॅक्ट हायर हे निव्वळ भाडे असल्याने कलम ९९ तिथेही चालत नाही आणि लवकर सुटायचे तर करारात लिहिलेला दंड भरावा लागतो. मर्यादित कंपनीच्या नावावरचे करार आणि पूर्णतः किंवा मुख्यतः व्यवसायासाठी घेतलेले २५,००० पौंडांवरचे वित्त या संरक्षणाबाहेर आहे. आपला करार कोणत्या जातीचा आहे हे विक्रेत्याच्या बोलण्यावरून ठरवू नये. कागदाच्या माथ्यावरच ते छापलेले असते आणि आत ‘टर्मिनेशन: युवर राइट्स’ या मथळ्याखाली निम्म्या रकमेचा आकडा पौंडांत दिलेला असतो.

निम्म्याचा हिशेब

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘निम्मे’ म्हणजे निम्मी मुदत नव्हे आणि निम्मे कर्जही नव्हे. ते करारातील एकूण देय किमतीचे निम्मे असते. सुरुवातीची रक्कम, सगळे हप्ते, सगळे व्याज, शुल्के, शेवटचा मोठा हप्ता आणि खरेदीपर्यायाची फी असे सारे या किमतीत धरतात. भरलेल्या बाजूलाही सुरुवातीची रक्कम मोजतात. जुनी गाडी देऊन मिळालेली वजावट सुरुवातीची रक्कम म्हणून करारात दाखवलेली असेल, तर तीही धरली जाते.

२०,००० पौंडांची एकच गाडी दोन पद्धतींनी घेतली असे समजू. दोन्हींत सुरुवातीला २,००० पौंड भरले, मुदत ४८ महिने, पर्यायफी १० पौंड. साध्या भाडेखरेदीत हप्ता ४३५ पौंड असेल तर एकूण किंमत २२,८९० आणि निम्मे ११,४४५ पौंड होतात. २२ वा हप्ता भरला की ग्राहक निम्म्यापलीकडे जातो. पीसीपीत हप्ता २९० पौंड आणि शेवटचा मोठा हप्ता ८,००० पौंड असेल तर एकूण २३,९३० आणि निम्मे ११,९६५ पौंड. तिथवर पोचायला ३५ हप्ते लागतात. कमी हप्त्यामुळे सोपी वाटणारी पीसीपी परतीच्या वाटेवर अशी वर्षभराने लांबते. दोन वर्षे झाली म्हणजे अर्धे फिटले, असे समजून फोन करणाऱ्या पीसीपी ग्राहकाला याच उदाहरणात ३,००५ पौंडांची तूट सांगितली जाईल.

ही तूट आधी भरल्याशिवाय करार संपवता येणार नाही, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. कायद्यात तसे नाही. कलम ९९ करार ‘केव्हाही’ संपवू देते आणि कलम १०० समाप्तीनंतर राहणारे देणे मोजते. म्हणजे तूट ही समाप्तीची पूर्वअट नसून समाप्तीनंतरची उधारी आहे, आणि ती हप्त्यांनी फेडण्याबद्दल बोलणी करता येते. कंपनीचे खरे नुकसान तुटीपेक्षा कमी आहे असे न्यायालयाला पटले, तर तेवढीच कमी रक्कम भरण्याचा आदेश ते देऊ शकते. उलट बाजूने, निम्म्यापेक्षा जास्त भरले असेल तर वरचे पैसे परत मिळत नाहीत. वरच्या भाडेखरेदीत २४ हप्त्यांनंतर गाडी परत केली तर ९९५ पौंड जास्तीचे गेले म्हणून समजावे. त्यामुळे निर्णय झाला असेल तर निम्मे ओलांडल्यावर रेंगाळण्यात अर्थ नाही.

थकबाकी मात्र वेगळी द्यावीच लागते. समाप्तीच्या क्षणापर्यंत देय झालेला प्रत्येक हप्ता ग्राहकाच्या डोक्यावर राहतो. म्हणून पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी कंपनीच्या हाती पडेल अशा बेताने नोटीस पाठवावी. हप्ते तुंबलेले असतील तर आणखी एक घड्याळ चालू असते. कंपनी किमान १४ दिवसांची डिफॉल्ट नोटीस देते आणि ती मुदत टळल्यावर स्वतः करार संपवू शकते. एकदा कंपनीने करार संपवला की संपवायला काही उरतच नाही. कलम ९९ चा हक्क जातो, आणि निम्म्याऐवजी सगळ्या बाकीचा दावा समोर येतो. डिफॉल्ट नोटीस दारात पडल्यावर पहिले काम म्हणजे तिच्यावरची तारीख वाचणे.

नोटीस आणि शब्दांचा सापळा

कायद्यातील ‘नोटीस’ म्हणजे लेखी नोटीस. फोनवरचे बोलणे पुरेसे नाही. पत्र चार ओळींचे असले तरी चालते: करार क्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक, ‘कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४ च्या कलम ९९ अन्वये मी हा करार संपवत आहे’ हे स्पष्ट वाक्य, आणि गाडी कुठून व कधी नेता येईल याची माहिती. हे पत्र पोचपावती मिळणाऱ्या टपालाने पाठवावे आणि त्याच दिवशी ईमेलही करावी. ‘मला करार संपवायचा आहे, काय करावे लागेल?’ असे विचारणारे पत्र ही नोटीस ठरत नाही, ती केवळ चौकशी राहते, आणि उत्तर येईपर्यंत आणखी एक हप्ता देय होतो.

याच्याशी नावाने जुळणारा पण परिणामाने उलटा प्रकार म्हणजे ‘व्हॉलंटरी सरेंडर’. त्यात ग्राहक गाडी आपण होऊन सोडून देतो, कंपनी ती लिलावात विकते आणि विक्रीची रक्कम वजा करून उरलेली सगळी बाकी मागते. निम्म्याची मर्यादा तिथे नसते. नोटिशीनंतर कंपनीकडून येणाऱ्या छापील अर्जात ‘सरेंडर’ हा शब्द आहे का, किंवा संपूर्ण बाकी देण्याची कबुली आहे का, हे ओळ न् ओळ पाहावे. कायदा असा अर्ज भरायला सांगत नाही, पाठवलेली नोटीस पुरते. दारात आलेल्या वसुली-माणसाच्या हाती किल्ली देतानाही हीच काळजी घ्यावी. एकूण किमतीचा एकतृतीयांश भाग भरल्यावर गाडी ‘संरक्षित’ होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कंपनीला ती परत घेता येत नाही. तशी नेलीच तर करार संपतो आणि ग्राहकाला भरलेले सगळे पैसे परत मागता येतात. पण ग्राहकाने त्या वेळी स्वखुशीने संमती दिली असेल, तर हे कवच गळून पडते. घाबरून केलेली एक सही हजारो पौंडांना पडते ती इथे.

गाडी सोपवताना

नोटीस लागू झाल्यावर गाडी वापरणे थांबवावे. तिची काळजी घेण्याची जबाबदारी मात्र ती सोपवेपर्यंत ग्राहकाकडेच असते, म्हणून विमा त्या दिवसापर्यंत चालू ठेवावा. खासगी नंबरप्लेट असेल तर ती आधीच आपल्या नावे राखून घ्यावी, त्याला ८० पौंड लागतात. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची नोंद, एमओटीचा (गाडीच्या वार्षिक सुरक्षा-तपासणीचा) कागद आणि चाकांच्या लॉकिंग नटची चावी गाडीसोबत द्यावी. ही शेवटची चावी हमखास विसरली जाते, आणि मग तिचे बिल येते. गाडीच्या पडद्यात साठलेले फोन-नंबर आणि घरचा पत्ता पुसावा. गाडी गेल्यावर डीव्हीएलएला, म्हणजे सरकारी वाहननोंदणी संस्थेला, कळवले की रोडटॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात.

ग्राहकाने ‘वाजवी काळजी’ घेतली नसेल तरच कलम १०० नुसार नुकसानभरपाई मागता येते. वापरातली झीज ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. झीज किती ग्राह्य हे ठरवताना तपासनीस सहसा बीव्हीआरएलए या वाहन-भाडे व्यवसायाच्या संघटनेची मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार २५ मिलिमीटरपर्यंतचा, खालचा प्रायमर किंवा पत्रा न उघडा पडलेला ओरखडा चालतो आणि अलॉय चाकाच्या कडेला एकूण ५० मिलिमीटरपर्यंतचे घासणेही चालते. टायरची खाच मात्र कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवीच.

गाडी न्यायला आलेला माणूस पावसात, अंधारात दहा मिनिटांत तपासणी उरकतो. खरा अहवाल पुढे लिलावाच्या आवारात, ग्राहकाच्या पश्चात तयार होतो. म्हणून आदल्या दिवशी गाडी धुऊन, कोरडी करून, उजेडात फोटो काढावेत: चारही बाजू, छत, प्रत्येक चाक जवळून, काच, आसने, डिकी आणि इंजिन चालू ठेवून अंतरमापक. जिथे ओरखडा आहे तिथे फूटपट्टी लावूनच फोटो घ्यावा. २० मिलिमीटरचा ओरखडा बिलात ‘दरवाजा रंगवणे’ होऊन येतो तेव्हा या एका फोटोवर वाद मिटतो. नेणाऱ्याच्या टॅबवर सही करण्याआधी पडद्यावरचा मजकूर वाचावा आणि त्याची प्रत तिथल्या तिथे ईमेलवर मागून घ्यावी.

जादा मैलांचा प्रश्न वादाचा आहे. पीसीपीत वर्षाला ठरावीक मैलांची मर्यादा असते आणि कंपन्या ती समाप्तीच्या दिवसापर्यंत प्रमाणात मोजतात. ४८ महिन्यांत ४०,००० मैलांची मर्यादा असेल आणि ३६ व्या महिन्यात काटा ३४,००० वर असेल, तर ४,००० जादा मैलांचे ८ पेन्स दराने ३२० पौंड मागितले जातात. कलम १०० फक्त निम्मी किंमत आणि काळजीतील कसूर यांबद्दल बोलते, मैलांबद्दल नाही, असा ग्राहकांचा युक्तिवाद असतो. मैलांची अट ही करारातील वेगळी जबाबदारी आहे, असे कंपन्या म्हणतात. समाप्तीच्या वेळीही हे शुल्क लागेल असे करारात स्पष्ट लिहिले आहे का, हे अशा वेळी आधी तपासावे.

दुसऱ्या वाटा

स्वेच्छा समाप्ती प्रत्येक वेळी फायद्याची नसते. कलम ९७ नुसार कंपनीकडून मुदतपूर्व फेडीचा आकडा मागवावा आणि तो गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा. फेड १०,००० आणि गाडी ११,५०० पौंडांची असेल, तर गाडी परत करणे म्हणजे १,५०० पौंड सोडून देणे. तिथे कर्ज फेडून गाडी विकावी. फेड १०,००० आणि गाडी ७,५०० ची असेल व निम्मे भरून झाले असेल, तर परत करण्यात २,५०० पौंडांचा खड्डा वाचतो. कर्ज फिटण्याआधी गाडी परस्पर विकणे बेकायदेशीर आहे, कारण ती कंपनीची मालमत्ता आहे.

करारानंतर १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क हा याचाच भाऊ समजला जातो, पण त्यात फक्त कर्ज रद्द होते. गाडी ग्राहकाकडेच राहते आणि तिची किंमत द्यावी लागते. गाडीच सदोष असेल तर स्वेच्छा समाप्तीची घाई अजिबात करू नये. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ नुसार पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी नाकारता येते, नंतरही दुरुस्तीची एक संधी फसल्यावर नाकारता येते. भाडेखरेदीत ही जबाबदारी वित्तकंपनीवर असते, विक्रेत्यावर ढकलून ती सुटत नाही. गाडीसोबत विकलेला गॅप विमा (गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर विम्याची रक्कम आणि कर्ज किंवा किंमत यांतील फरक भरून देणारा) किंवा देखभाल-योजना वेगळ्या करारावर असेल तर ती आपोआप थांबत नाही. ती स्वतंत्रपणे रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे मागावेत.

पतनोंदीत हा करार सहा वर्षे ‘स्वेच्छा समाप्ती’ या खुणेसह दिसतो. ही खूण म्हणजे डिफॉल्ट नव्हे. ती पाहून पुढच्या वाहन-कर्जाला एखादी कंपनी, विशेषतः तीच कंपनी, नकार देऊ शकते. चुकून डिफॉल्ट किंवा सरेंडर अशी नोंद झाली असेल तर नोटिशीची प्रत आणि पोचपावती जोडून दुरुस्ती मागावी. हिशेब, नुकसानीचे बिल किंवा नोंद यांबाबत वाद झाल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर प्रकरण फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या स्वतंत्र तक्रारनिवारण संस्थेकडे नेता येते. अंतिम उत्तर आले असेल तर त्यासाठी सहा महिने असतात. ओम्बड्समनकडे ग्राहकाला शुल्क पडत नाही आणि ग्राहकाने स्वीकारलेला अंतिम निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.