मालमत्ता कराच्या बिलातील ‘शिक्षण कर’ महापालिकेचा नव्हे

मालमत्ता कर म्हणजे काय, हे सोलापूरच्या दुकानदाराला नव्याने सांगण्याची गरज नाही. करयोग्य मूल्यावर आकारणी होते, बिगर-निवासी वापराला दर चढा लागतो आणि या पैशातून दिवाबत्ती, झाडलोट, गटारे चालतात, एवढे नवी पेठेपासून अक्कलकोट रस्त्यावरच्या चादर कारखान्यांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. गोंधळ होतो तो त्याच बिलात छापलेल्या राज्य शासनाच्या शिक्षण कराबाबत. “शिक्षण कर भरतो, मग महापालिकेच्या शाळेचे छप्पर का गळते?” हा सवाल इतक्या तावातावाने विचारला जातो की, विचारणाऱ्याने बिल नीट वाचले आहे की नाही, अशी शंका येते.

मालमत्ता कर महापालिका अधिनियमाखाली बसतो; त्याचा दर महापालिका ठरवते आणि वसूल झालेली रक्कम तिच्याच निधीत राहते. शासनाचा शिक्षण कर मात्र १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण आणि रोजगार हमी (उपकर) अधिनियमाचा आहे. त्याचे दर कायद्याने ठरलेले असून महापालिका केवळ वसुली करून ती रक्कम राज्याच्या तिजोरीत भरते. तिला तो आपल्या ठरावाने माफ करता येत नाही, की परस्पर शाळेवर खर्चही करता येत नाही. त्याला जोडून येणारा रोजगार हमी कर फक्त बिगर-निवासी मिळकतींवर असतो, म्हणून यंत्रमागाच्या शेडला तो लागतो आणि राहत्या घराला लागत नाही.

याचा अर्थ शहरातील शाळांना राज्याकडून काहीच मिळत नाही, असा मुळीच नाही. शिक्षकांच्या वेतनासाठी शासनाचे अनुदान येते. परंतु ते शिक्षक आणि वेतनाच्या हिशोबाने ठरते, सोलापुरातून शिक्षण कर किती गोळा झाला यावरून नव्हे. छप्पर, स्वच्छतागृहे, बाके यांची डागडुजी मुख्यत्वे महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर अवलंबून असते. म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा त्या छपरापर्यंत पोहोचतो तो मालमत्ता करातून, ‘शिक्षण’ असे लिहिलेल्या रकान्यातून नव्हे, आणि मालमत्ता कर थकवून शाळेच्या दुरवस्थेवर भाषण करणाऱ्यांची मला म्हणूनच विशेष चीड येते.

व्यवसाय कराचीही अशीच गल्लत होते, पण ती किरकोळ आहे: वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयांचा हा कर राज्याचा आहे. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यानंतर त्या उत्पन्नाच्या बदल्यात महापालिकांना राज्याकडून मिळणारी जीएसटी भरपाईसुद्धा २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून दरसाल ८ टक्के चक्रवाढीने मोजली जाते. दिवाळीत चाटी गल्लीच्या बाजारातली विक्री दुप्पट झाली म्हणून ही भरपाई वाढत नाही.

शाळेच्या इमारतीविषयी जाब विचारायचा असेल, तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्राथमिक शिक्षणासाठी किती तरतूद आहे आणि त्यातील किती खर्च झाली, हे विचारावे. शिक्षण कराच्या विनियोगाचा प्रश्न मात्र आमदारांनी विधिमंडळात मांडायचा असतो.