मे अँडरसन : बालवाडीच्या बाकावरून चर्चच्या नेतृत्वाकडे

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत ‘प्रायमरी चिल्ड्रन्स’ नावाचं मोठं रुग्णालय आहे. या नावातल्या ‘प्रायमरी’चा प्राथमिक उपचारांशी किंवा प्राथमिक शाळेशी संबंध नाही. मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची मुलांसाठी एक संघटना आहे, तिचं ते नाव. ऑरेलिया रॉजर्स यांनी १८७८ साली आजच्या युटा राज्यातल्या फार्मिंग्टन गावात ती सुरू केली. गावातले मुलगे उनाड होत चाललेत, ही त्यांची काळजी होती. पहिल्याच सभेला २२४ मुलं आली.

या संघटनेला पुढे आकार देणाऱ्या मे अँडरसन यांचा जन्म १८६४चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. कुटुंब मॉर्मन झालं आणि १८८३मध्ये युटाला येऊन राहिलं. तिथे प्रायमरीच्या अध्यक्षा लुई फेल्ट यांच्याशी त्यांचं मैत्र जुळलं, ते आयुष्यभर टिकलं. १८९०मध्ये मे संघटनेच्या सचिव झाल्या.

दोघींनीही पुढे किंडरगार्टनचं शिक्षण घेतलं. माझ्या मते खरं वळण हेच. किंडरगार्टनचे जनक, शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी जर्मनीत रुजवलेला विचार साधा होता: मूल खेळातून, गाण्यातून, हाताने काही करून शिकतं. प्रायमरीत तोवर लहानमोठी सगळी मुलं एकत्र बसवून पाठांतर म्हणवून घेतलं जाई. चार वर्षांचं पोर आणि बारा वर्षांचा मुलगा एकाच धड्याला! या दोघींनी वयानुसार वर्ग पाडले. गोष्टी आणि हस्तकला आणली.

पण गावोगावच्या शिक्षिकांपर्यंत हे पोचवायचं कसं? त्यासाठी १९०२मध्ये ‘चिल्ड्रन्स फ्रेंड’ हे मासिक निघालं. चर्चकडून पैसा नव्हता. फेल्ट यांनी स्वतःचं घर तारण ठेवण्याची तयारी दाखवली. संपादनाची धुरा मे यांनी जवळजवळ चार दशकं वाहिली. स्वतःचं छप्पर पणाला लावायला निघालेल्या बाईच्या या धाडसापुढे मी आजही नतमस्तक होते.

रुग्णालयाचं बीजही असंच पडलं. रस्त्यात एक अपंग मुलगा दिसला, आणि अशा मुलांसाठी काही करायलाच हवं, हे दोघींच्या मनाने घेतलं. आधी चर्चच्या रुग्णालयात मुलांसाठी खाटा राखल्या गेल्या. मग १९२२मध्ये एका जुन्या घरात स्वतंत्र रुग्णालय उघडलं. त्याच्या खर्चासाठी मुलं वाढदिवसाला आपल्या वयाइतकी नाणी देत: सहाव्या वाढदिवसाला सहा सेंट, सातव्याला सात.

१९२५मध्ये फेल्ट यांच्यानंतर मे अध्यक्षा झाल्या आणि १९३९पर्यंत त्या पदावर राहिल्या. १९४६मध्ये सॉल्ट लेक सिटीतच त्यांचं निधन झालं.