मानवी क्लोनिंग : नैतिकता आणि कायदेशीर जबाबदारी

एखाद्या माणसाच्या पेशीतलं केंद्रक (जीन्स असलेला पेशीचा गाभा) काढायचं, मग स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या स्त्रीबीजात ते घालायचं आणि त्यातून गर्भ वाढवायचा, याला मानवी क्लोनिंग म्हणतात. मूल जन्माला घालण्यासाठीचं क्लोनिंग वेगळं आणि फक्त स्टेम सेल (ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) मिळवण्यासाठीचं वेगळं. पहिल्यावर बऱ्याच देशांत बंदी आहे, दुसऱ्यावरून अजून वाद चालूच आहेत. क्लोन केलेलं मूल जन्मल्याचा पुरावा आजवर कुणीच दिलेला नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप सुरक्षिततेचा. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये क्लोनिंगने डॉली मेंढी झाली तेव्हा २७७ प्रयत्नांतून फक्त २९ गर्भ तयार झाले अन् जगलं एकच कोकरू, आता हाच हिशोब माणसाला लावला तर किती गर्भपात, किती आजारी बाळं आणि किती बायकांचे हाल, आणि ज्या बाळावर प्रयोग होणार त्याला तर कुणी विचारलेलंच नसतं. गेलेलं मूल परत मिळेल ही आशाही खोटीच, कारण जीन्स तेच असले तरी माणूस वेगळाच होतो, एकसारख्या जुळ्यांत दिसतंच ना ते.

स्त्रीबीजं येतात कुठून हेही बघायला हवं. दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांच्या मानवी क्लोनिंगवरच्या संशोधनात त्यांच्याच लॅबमधल्या ज्युनिअर मुलींची स्त्रीबीजं वापरली गेली. साहेबाला नाही कोण म्हणणार? पुढे त्यांचे पेपर बनावट निघाले आणि २००९ मध्ये कोर्टाने पैशांचा अपहार आणि स्त्रीबीजांची बेकायदा खरेदी यासाठी दोषी ठरवलं.

कायद्यात एकवाक्यता नाही. मानवी क्लोनिंगविरोधातला संयुक्त राष्ट्रांचा २००५ चा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी पास झाला पण तो कुणावर बंधनकारक नाही. मूल जन्माला घालण्यासाठीच्या क्लोनिंगला ब्रिटनने २००१ मध्ये १० वर्षांपर्यंत कैद ठेवली, फ्रान्समध्ये ३० वर्षांपर्यंत, तर अमेरिकेत देशभर लागू होईल असा बंदीचा कायदाच नाही, काही राज्यांनी आपापले केलेत.

पण हे सगळं शिक्षेपुरतं झालं. बाळ आजारी जन्मलं तर भरपाई कोण देणार, डॉक्टर, लॅब की पालक? 'मला जन्माला घातलं हेच नुकसान' असे दावे बरीच कोर्टं मान्य करत नाहीत, त्यामुळे ज्याला खरी झळ बसते तोच रिकाम्या हाताने राहायची भीती आहे आणि माझ्या मते इथे कायदा फार तोकडा पडतो. शिवाय जीन्सच्या हिशोबाने पेशी देणारा हा बाळाचा बाप नसून जुळा भाऊच ठरतो, म्हणजे पालक कोण आणि वारसाहक्क कुणाकडून, हे मूल जन्मायच्या आधीच ठरलेलं असायला हवं.