गर्भसंरक्षण

गर्भाला कोणत्या टप्प्यापासून आणि कोणापासून कायद्याने संरक्षण द्यावे, याविषयीचा नैतिक वाद. प्रस्तुत नोंदीत ग्रामीण विदर्भातील व्यवहाराला झुकते माप दिले आहे.

जुन्या चर्चेत ‘भ्रूणहन्’ (भ्रूणाला मारणारा) हा शब्दच वादग्रस्त आहे. बौधायन गृह्यसूत्रात ‘भ्रूण’ ही विद्वान ब्राह्मणाची एक पायरी आहे. त्यामुळे वैदिक वचनांतली भ्रूणहत्या म्हणजे ब्राह्मणहत्याच, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते गर्भ हाच मूळ अर्थ. वसिष्ठ धर्मसूत्र (बहुधा सूत्रकाळाच्या उत्तरार्धातले) दोन्ही अर्थ जोडते : ब्राह्मणाला किंवा ‘अविज्ञात’, म्हणजे लिंग न कळलेल्या, गर्भाला मारणारा तो भ्रूणहा. अविज्ञात गर्भ पुरुष होतात, असे कारणही ते देते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अशा गर्भासाठी ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त आहे. संरक्षण जीवाला होते की संभाव्य मुलग्याला? वचनांचा रोख संभाव्य मुलग्याकडे अधिक दिसतो. याज्ञवल्क्यस्मृती मात्र गर्भपाताने स्त्री पतित होते असे सांगताना लिंगाचा उल्लेख करीत नाही.

१८६० च्या दंडसंहितेने (कलम ३१२, २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, कलम ८८) संमतीच्या गर्भपातालाही तीन वर्षांपर्यंत, पोटात हालचाल सुरू झाल्यावर सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने त्यातून वाट काढली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेल्या आदींसाठी २४ पर्यंत दोघांचे लागते. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ तीन दिवसांत मत देते.

गर्भ पुन्हा अविज्ञात ठेवणे, हाच महाराष्ट्राच्या १९८८ च्या आणि केंद्राच्या १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यांचा उपाय. या वेळी मुलीसाठी. सोनोग्राफी केंद्राने प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीच्या नोंदीचा ‘फॉर्म एफ’ भरायचा. त्यातली उणीवही कायद्याचा भंग धरली जाते. या धास्तीने कायद्यात बसणारा गर्भपातही कधी नाकारला जातो आणि बाई मेडिकलमधल्या गोळ्यांकडे वळते.

पूर्व विदर्भात वाद सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारापाशी अवघड होतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. रक्तदोषासाठी गर्भजलपरीक्षा कायद्याला मान्य आहे. ती साधारण १५ व्या आठवड्यानंतर होते. औषधोपचाराने जगू शकणारा गर्भ ‘सदोष’ म्हणून काढावा का, यावर डॉक्टरांतही एकमत नाही.

प्रत्यक्षात गोंधळ बहुधा मोजणीत होतो. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. ‘पाचवा लागला’ म्हणजे साधारण १७-१८ आठवडे, ‘पाच झाले’ म्हणजे जवळपास २२. नोंदवहीत दोन्ही ‘५ महिने’च लिहिले जातात. व्यंग पाहण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हावी लागते. मेळघाटातून घाट उतरून अमरावती गाठेपर्यंत, त्यात कापूस वेचणीचे दिवस असले तर, ती मुदत हुकते. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही तरीही मागितली जाते.