विषयनिहाय की संवर्गनिहाय? प्राध्यापक भरतीतल्या बिंदुनामावलीची पार्श्वभूमी

आरक्षण किती टक्के, यावर सगळे बोलतात. ते टक्के कशावर मोजायचे, हा प्रश्न मात्र बहुतेकदा आस्थापना विभागाच्या टेबलावरच राहतो. विद्यापीठांतल्या प्राध्यापक भरतीचा 2017 ते 2019 या काळातला वाद नेमका याच प्रश्नावर पेटला. टक्केवारी एका अंकानेही न बदलता आरक्षित जागा जवळपास नाहीशा होऊ शकतात, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता म्हणजे बिंदुनामावली; त्यातला प्रत्येक क्रमांक म्हणजे एक बिंदू. नेमणुकांची अशी पाळी ठरवून देण्याची पद्धत जुनी आहे. कोल्हापूर संस्थानाने 26 जुलै 1902 रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. मद्रास प्रांतात 1927 पासून दर 12 नेमणुकांची वाटणीच ठरलेली होती: 5 ब्राह्मणेतर हिंदू, 2 ब्राह्मण, 2 मुस्लिम, 2 ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन आणि 1 दलित वर्गातला. केंद्रीय नोकऱ्यांत 1943 साली अनुसूचित जातींना 8.33 टक्के, म्हणजे बारामागे एक जागा मिळाली. अनुसूचित जातींचे 15 आणि जमातींचे 7.5 टक्के हे आजचे प्रमाण 1970 चे. इतर मागासवर्गीयांचे 27 टक्के आणि एकूण 50 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या निकालाने पक्की झाली.

1995 चा निकाल जास्त महत्त्वाचा, पण त्याची चर्चा कमी होते. तोवर बिंदुनामावली रिक्त जागांवर फिरत असे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोजायची ती पदे. संवर्गातले, म्हणजे एकाच श्रेणीच्या पदांच्या गटातले, सर्व बिंदू एकदा भरले की, जो निवृत्त होईल त्याच्या जागी त्याच प्रवर्गातला उमेदवार घ्यायचा. त्यानुसार 2 जुलै 1997 च्या आदेशाने केंद्रात पदांवर आधारित 200 बिंदूंची नामावली आली. त्यात अनुसूचित जातींचे 30, जमातींचे 15, इतर मागासवर्गीयांचे 54 आणि खुले 101 बिंदू होते. दोनपासून तेरा पदांच्या लहान संवर्गासाठी वेगळा तक्ता दिला गेला. पुढे ‘13 पॉइंट रोस्टर’ म्हणून गाजला तो हाच.

लहान तक्त्याचे गणित साधे आहे. शंभराला 27 ने भागले की इतर मागासवर्गीयांना चौथा बिंदू मिळतो. 15 ने भागले की अनुसूचित जातींना सातवा आणि 7.5 ने भागले की जमातींना चौदावा. इतर मागासवर्गीयांना पुढे आठवा आणि बारावाही मिळतो. तेरा पदांच्या विभागात अशा एकूण चारच जागा आरक्षित होतात आणि आदिवासींसाठी एकही नसते.

विद्यापीठातले बहुतेक विभाग तर याहून लहान असतात. समजा, एका विद्यापीठात 40 विभाग आहेत आणि प्रत्येकात सहायक प्राध्यापकाची तीन पदे. संपूर्ण विद्यापीठ एकक धरले तर 120 पदांपैकी सुमारे 59 आरक्षित होतात. विभाग एकक धरला तर पहिल्या भरतीत शून्य. लहान संवर्गाच्या या तक्त्यात पद रिकामे झाले की नामावली पुढे सरकते, हे खरे. पण एक प्राध्यापक 30 वर्षे नोकरी करतो असे धरले, तर तीन पदांच्या विभागात सरासरी दहा वर्षांनी एक जागा सुटते. चौदाव्या बिंदूवरचा आदिवासी उमेदवार अकराव्या सुटलेल्या जागेवर येणार, म्हणजे साधारण 110 वर्षांनी. ज्या विभागात प्राध्यापकाचे पद एकच, तिथे आरक्षण कधीच लागत नाही, कारण एकाकी पद आरक्षित करता येत नाही हे न्यायालयांनी आधीच ठरवलेले होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विद्यापीठ हेच एकक होते. बनारसमधल्या एका भरतीला आव्हान मिळाले आणि एप्रिल 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक ठरवले. त्यामागचा तर्क मांडायलाच हवा. इतिहासाचा आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, त्यांची पदे अदलाबदल करण्याजोगी नसतात. सगळी पदे एकत्र मोजली तर एखाद्या विभागातल्या सर्व जागा आरक्षित होतील आणि दुसऱ्यातल्या सर्व खुल्या राहतील. त्या एकाच विषयात पीएच.डी. केलेल्या खुल्या उमेदवाराला वर्षानुवर्षे अर्जच करता येणार नाही. ही तक्रार खोटी नव्हे.

या तर्काला महाराष्ट्रातूनच आधार मिळाला होता. नागपूर विद्यापीठाच्या 1984 च्या जाहिरातीत आरक्षित जागांची संख्या होती, पण त्या कोणत्या विषयातल्या हे सांगितलेले नव्हते. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि आरक्षण विषयनिहाय हवे असे म्हटले. उमेदवाराला आपला विषय आरक्षित आहे की नाही हे कळलेच पाहिजे, यात दुमत नाही. पण विषय जाहीर करणे ही एक गोष्ट आणि प्रत्येक विषयाची नामावली स्वतंत्रपणे एकपासून सुरू करणे ही दुसरी. पहिलीने पारदर्शकता येते, दुसरीने आरक्षणच संपते. या दोन्ही एकाच मापाने मोजल्या गेल्या, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली. एखाद्या विषयातली तात्पुरती कोंडी जागांच्या क्रमात सुधारणा करून सोडवता आली असती. त्यासाठी हजारो जागांचा हिशेब मोडायची गरज नव्हती.

5 मार्च 2018 रोजी आयोगाने विभागनिहाय नामावलीचे पत्र काढले. आरक्षित जागा जेमतेम उरलेल्या जाहिराती आल्या आणि असंतोष वाढला. 22 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादच्या निकालाविरुद्धची केंद्राची याचिका फेटाळली. त्याच महिन्यात आर्थिक दुर्बल घटकांसाठी 10 टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली होती, त्यामुळे राग दुप्पट झाला. 5 मार्चला भारत बंद झाला आणि 7 मार्चला, निवडणूक जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी, अध्यादेश निघाला. जुलैमध्ये त्याचा कायदा झाला. संस्था हेच एकक, असे तो सांगतो. अल्पसंख्याक संस्था आणि यादीत दिलेल्या काही संशोधन संस्थांना त्यातून सूट आहे. त्या यादीत मुंबईतल्या नामांकित संस्थाही आहेत. गुणवत्तेचे कारण देऊन नेमक्या सर्वांत प्रतिष्ठित जागा बाहेर ठेवणे मला पटत नाही.

हा कायदा केंद्रीय संस्थांपुरता होता. महाराष्ट्राने 2021 मध्ये राज्यासाठी तसाच कायदा करून विषयनिहाय आरक्षणाऐवजी संवर्गनिहाय पद्धत आणली. आपल्याकडे तक्ता आणखी गुंतागुंतीचा आहे. अनुसूचित जाती 13 टक्के, जमाती 7, विमुक्त व भटक्यांचे चार गट मिळून 11, विशेष मागास प्रवर्ग 2 आणि इतर मागासवर्ग 19. त्यात आर्थिक दुर्बलांचे 10 आणि 2024 पासून सामाजिक व शैक्षणिक मागासांचे 10 टक्के जोडले गेले. यातला एखादा आकडा बदलला किंवा न्यायालयात अडकला की संस्थांना बिंदुनामावली नव्याने आखून मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आणि ते होईपर्यंत जाहिरात निघत नाही. तोवर वर्ग चालवतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक.