स्नायू जिवंतपणी फुटले की मेल्यावर?

निपाणी-चिकोडीकडं कुणी तरणाताठा पोरगा अचानक गेला आणि नशेची कुजबुज सुरू झाली, की ग्रुपवर एकजण तरी ठोकून देतो: ‘रक्तात मायोग्लोबिन वाढलंय, म्हणजे ड्रग्जनंच स्नायू फुटले.’ ऐकून ऐकून कान किटले. मायोग्लोबिन म्हणजे स्नायूपेशींतलं एक प्रथिन.

 

खरा घोळ पुढं आहे. हेरॉइन घेतलेला माणूस बेशुद्ध होऊन हात अंगाखाली दाबून तासन्‌तास एका कुशीवर पडतो. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) घेतलेल्याचं अंग तापतं, फिट येते. दोन्हीकडं स्नायूपेशी फुटतात आणि आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पण मेल्यावरही पेशींची आवरणं फाटतात, आणि तेच मायोग्लोबिन, तेच स्नायूंतलं सीके (क्रिएटिन कायनेज) एन्झाइम, तेच पोटॅशियम पाझरतं. त्यामुळं मेल्यानंतर काढलेल्या रक्तातल्या आकड्यावर माझा काडीचा भरवसा नाही.

बघायची ती किडनी. हृदय थांबलं की रक्त गाळणंही थांबतं. किडनीच्या बारीक नळ्यांत मायोग्लोबिनचे गठ्ठे अडकलेले असतील, आणि अँटिबॉडी (मायोग्लोबिनलाच चिकटणारं प्रथिन) लावून ते मायोग्लोबिनच असल्याचं दिसलं, तर गाळणी चालू असताना, म्हणजे जिवंतपणीच, स्नायू फुटले होते. याला वेळ लागतो. सोबतचे म्हणत असतील ‘घेतलं आणि जागच्या जागी गेला’, तर हे गठ्ठे त्यांना खोटं पाडतात. उलट, किडनी स्वच्छ निघाली म्हणून नशा नव्हती असंही नाही. माणूस काही मिनिटांत गेला तर गठ्ठे व्हायला सवडच मिळत नाही.

आणि गठ्ठे म्हणजे ड्रग्ज, हेही नाही. 1940-41 साली लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांच्या किडन्या अशाच निकामी झाल्या होत्या. उष्माघात, विजेचा शॉक यांतही होतं. ड्रगचं नाव केमिकल तपासणीच सांगणार.

तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे) बेळगावच्या लॅबला गेलाय, कळेल सगळं.’ स्नायू कधी फुटले ते कसं कळेल? ती बरणी मिठाच्या संपृक्त पाण्याची, विष शोधायला. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा किडनीचा तुकडा 10 टक्के फॉर्मालिनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. घरच्यांनी आधी तेवढंच विचारावं, आणि तेही अंत्यविधी व्हायच्या आत.